थर्मोस्टॅट कुणाचे तापमान मोजतो?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोलापूरच्या घरातला एसी बिघडला. बिघडला म्हणजे बंद पडला नाही. सुरू व्हायचा, पाच-सात मिनिटे चांगली गार हवा द्यायचा आणि मग बाहेरचे यंत्र गप्प व्हायचे. आतला पंखा फिरत राहायचा. काही वेळाने यंत्र पुन्हा सुरू, पुन्हा गप्प. भिंतीवरच्या तापमापकात ३४ अंश, रिमोटवर मात्र २४.

एसी नव्या पद्धतीचा होता, वायफायला जोडलेला आणि फोनवरून हुकूम घेणारा. त्याच्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका आम्ही शोधून काढली. तिच्या शेवटच्या पानांवर ‘अडचण, संभाव्य कारण, उपाय’ असा तीन रकान्यांचा तक्ता होता. ‘खोली पुरेशी थंड होत नाही’ या ओळीपुढे चार उपाय दिले होते: जाळी स्वच्छ करा, दारे-खिडक्या बंद ठेवा, तापमान योग्य ठेवा, सेवा केंद्राशी संपर्क साधा. पहिले तीन आम्ही इमानेइतबारे केले. चौथ्या उपायाप्रमाणे एक कारागीर आला. ‘गॅस कमी झालाय’ म्हणाला, गॅस भरला, पैसे घेऊन गेला. चार दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मग शेजारच्या गल्लीतला एक तरुण मुलगा आला. त्याने आधी दहा मिनिटे नुसते ऐकले. मग झाकण उघडले आणि एका काळ्या, मण्याएवढ्या वस्तूकडे बोट दाखवले. तो तापमानाचा संवेदक होता. आपल्या खाचेतून निसटून तो आतल्या गार नळ्यांना टेकला होता. ‘सर, ह्याला वाटतंय खोली गार झाली,’ असे म्हणून त्याने मणी खाचेत बसवला. एसी सुरळीत झाला.

त्या मुलाने जे ऐकून ओळखले, ते आम्हालाही ओळखता यायला हवे होते. गॅस कमी असता, तर हवा गार आली नसती आणि यंत्र बहुधा न थांबता चालत राहिले असते. इथे हवा गार होती आणि यंत्र आपणहून थांबत होते. म्हणजे गार करणारा भाग ठीक होता, ‘आता पुरे’ असे सांगणारा चुकत होता. पुरावा डोळ्यांसमोर होता. आणि आम्ही तर थर्मोस्टॅट वर्गात पंचवीस वर्षे शिकवला आहे! पैसे गेले त्याहून ही गोष्ट अधिक लागली. त्यानंतर आम्ही तो तक्ता पुन्हा वाचला. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेतून त्याच्या घरच्या भिंतीवरील स्मार्ट थर्मोस्टॅटची पुस्तिका पाठवली, तीही वाचली. आणि शेवटी आपल्या उष्णतेच्या धड्याकडे वळलो. या तीन वाचनांचा हा लेखाजोखा.

आधी तक्त्यांचे श्रेय देऊ. त्यांतले बहुतेक उपाय बरोबर असतात. धुळीने भरलेली जाळी ही खरोखरच पहिली तपासण्याची गोष्ट आहे. सोपे व बिनखर्ची उपाय आधी आणि अवघड नंतर, हा क्रमही शहाणपणाचा आहे. तक्रार अशी की, हे शहाणपण तक्ता वाचकापासून लपवून ठेवतो. ‘तापमान योग्य ठेवा’ म्हणजे किती ठेवा? कोणत्या लक्षणावरून कोणते कारण वगळायचे? एक उपाय लागू पडला नाही, तर त्यातून आपल्याला काय कळले? यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नाही. ‘थंड होत नाही’ या एकाच ओळीत चार निरनिराळे दोष कोंबलेले आहेत, आणि त्यांच्यात फरक करणारे लक्षण दिलेलेच नाही. वैद्याने रोग्याची नाडी न पाहता चारही काढे द्यावेत, तसला हा प्रकार झाला.

एक उदाहरण घेऊ. वीज जाऊन परत आली की एसीचे बाहेरचे यंत्र लगेच सुरू होत नाही. तक्ता म्हणतो, ‘३ मिनिटे थांबा.’ का थांबायचे? कॉम्प्रेसर चालू असताना एका बाजूला जास्त दाबाचा वायू असतो आणि दुसऱ्या बाजूला कमी दाबाचा. बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचे दाब समान व्हायला थोडा वेळ लागतो. दाबातला फरक कायम असताना यंत्र सुरू करायचे तर मोटारीला फार जोर लावावा लागतो, ती जळण्याचा धोका असतो. एवढी दोन वाक्ये त्या रकान्यात सहज मावली असती. ती नसल्यामुळे घरोघर माणसे त्या तीन मिनिटांत रिमोटची बटणे दाबत बसतात आणि शेवटी ‘रिमोट खराब झाला’ असा निष्कर्ष काढतात.

दोन्ही पुस्तिकांत जे वाक्य कुठेच सापडले नाही, ते असे: थर्मोस्टॅट खोलीचे तापमान मोजत नाही, तो स्वतःचे तापमान मोजतो. तो जिथे बसवला आहे, तिथे त्याला जी हवा, जी भिंत, जो उजेड लागतो, त्यानुसार तो गरम किंवा गार होतो. आपण मात्र गृहीत धरतो की त्याचे तापमान तेच खोलीचे तापमान. हे गृहीत खरे असेल तोवर सारे ठीक चालते. आमच्या एसीत ते खोटे ठरले होते, इतकेच.

याच्या जोडीला दुसरे वाक्य हवे. थर्मोस्टॅट ही एक वस्तू नसून एका वर्तुळातली जागा आहे. त्या वर्तुळात चार कामे चालतात. पहिले काम मोजण्याचे. दुसरे, मोजलेल्या आकड्याची आपण दिलेल्या आकड्याशी तुलना करण्याचे. तिसरे, चालू किंवा बंद अशी आज्ञा देण्याचे. चौथे, प्रत्यक्ष गार किंवा गरम करण्याचे. चौथ्या कामाने खोलीचे तापमान बदलते आणि तो बदल पहिल्या कामाकडे परत पोहोचतो. परिणाम कारणाकडे परत येण्याच्या या क्रियेला प्रत्याभरण म्हणतात, बोलीत फीडबॅक. वर्तुळ कुठेही तुटले तरी आपल्याला दिसते ते एकच: खोली हवी तशी होत नाही. म्हणून ‘काय बिघडले’ यापेक्षा ‘वर्तुळ कुठे तुटले’ हा प्रश्न अधिक कामाचा.

हे वर्तुळ पुरे होण्याची कथा शिक्षकांनी तरी आवर्जून सांगावी अशी आहे. ‘थर्मोस्टॅट’ हे नाव स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यांनी १८३० मध्ये द्विधातू पट्टीच्या आपल्या उपकरणाला दिले. पण खोलीसाठीच्या विजेच्या थर्मोस्टॅटचे १८८३ चे पेटंट घेणारे वॉरन जॉन्सन हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात शिकवत होते. तिथे वर्गाचे तापमान पाहण्यासाठी शिपाई वेळोवेळी वर्गात येई आणि मग तळघरात जाऊन गरम हवेच्या झडपा कमी-जास्त करी. शिकवण्यात व्यत्यय येई. जॉन्सन यांच्या पहिल्या उपकरणाने तापमान बदलले की तळघरात घंटा वाजे, झडप शिपाईच फिरवी. म्हणजे मोजणे, तुलना आणि सूचना यंत्राकडे गेली होती, काम माणसाकडेच होते. शिक्षकाच्या वैतागातून निघालेले हे यंत्र आपल्या वर्गात मात्र चित्रापुरते उरले आहे!

आता नेहमीच्या तक्रारी या चार कामांत वाटून पाहू.

‘एसी लवकर बंद होतो, खोली तापलेलीच’ ही मोजण्याच्या जागेची तक्रार असू शकते, जशी आमची होती. अमेरिकेतल्या घरांत थर्मोस्टॅट भिंतीवर स्वतंत्र असतो. त्याच्यावर ऊन आले, खाली दिवा ठेवला, किंवा त्याच्या मागच्या तारेच्या भोकातून भिंतीतली हवा आली, की तो फसतो. हे तिन्ही दोष विद्यार्थ्याच्या पुस्तिकेत तीन वेगवेगळ्या पानांवर होते. वास्तविक दोष एकच: संवेदक खोलीचा प्रतिनिधी राहिला नाही.

‘एसी सारखा चालू-बंद होतो’ ही बऱ्याचदा तुलनेची तक्रार असते. २४ ला बंद आणि २४ च्या वर एका केसाइतके गेले की चालू, असे कुठलेच यंत्र ठेवत नाहीत. मध्ये थोडी मोकळीक ठेवतात, साधारण अंशभर. ती फार कमी असेल तर यंत्र धापा टाकते, फार जास्त असेल तर माणसाला कधी गारठा तर कधी उकाडा. इस्त्रीचा दिवा मालवतो आणि पुन्हा लागतो त्या दोन क्षणांमधले अंतर म्हणजे हीच मोकळीक.

‘फोनवरून चालत नाही’ ही आज्ञेची तक्रार आहे आणि तिचा तापमानाशी काहीही संबंध नाही. घरातली बरीच स्मार्ट उपकरणे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच बोलतात, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांना ऐकूच येत नाही. वीज जाऊन आल्यावर एसी जागा होतो, पण राउटर अजून जागा झालेला नसतो. अशा वेळी साधा रिमोट चालतो का, हे पाहावे. तो चालला, तर वर्तुळ शाबूत आहे. तुटली आहे ती केवळ बाहेरून आत येणारी वाट. दोन्ही पुस्तिकांनी हे दोष उष्णतेच्या दोषांत मिसळून टाकले आहेत. ‘बंद करून पुन्हा चालू करा’ हा सर्वरोगहर उपाय त्याचमुळे दर तीन ओळींमागे येतो.

‘थर्मोस्टॅटचा पडदा काळा पडतो’ ही ओळ अमेरिकन पुस्तिकेत ठळक होती. तिथे भट्टीकडून थर्मोस्टॅटकडे २४ व्होल्टच्या बारीक तारा येतात. स्मार्ट उपकरणाला सतत वीज लागते, आणि जुन्या घरांत त्यासाठीची परतीची तार नसते. आपल्या स्प्लिट एसीला हा प्रश्नच नाही. आपले प्रश्न वेगळे आहेत, आणि त्यांच्याविषयी आपल्याकडची पुस्तिकाही मौन बाळगते.

सोलापूरचेच घ्या. ‘ड्राय’ नावाचे बटण हवेतला ओलावा काढण्यासाठी असते. मुंबईच्या जुलैत ते उपयोगी. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता अनेकदा २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. तिथे काढायला ओलावा आहेच कुठे? याच कोरडेपणामुळे आपल्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उत्तम चालतो. पण कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. अनेक घरांत दोन्ही एकाच बंद खोलीत एकदम लावतात. कूलरने हवेत सोडलेल्या एक लिटर पाण्याच्या वाफेचे पुन्हा पाणी करायला एसीला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता काढून टाकावी लागते. गारव्यासाठी लावलेल्या दोन यंत्रांपैकी एक दुसऱ्यावर ओझे टाकत असते, आणि तक्रार ‘थर्मोस्टॅट बरोबर नाही’ अशी होते.

तीच गोष्ट छताची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो. हवा २६ अंशांवर आली तरी स्लॅबमधून होणारे प्रारण आपल्या अंगावर येतच असते. थर्मोस्टॅट सांगतो २६ आणि शरीर म्हणते उकडते आहे. इथे दोघेही खरे बोलतात. एक हवेविषयी बोलतो, दुसरे हवा आणि प्रारण या दोन्हींविषयी. स्लॅबला चुना मारणे हा या ‘थर्मोस्टॅटच्या दोषा’वरचा उपाय आहे, पण तो कोणत्याही तक्त्यात नाही.

सर्वांत पसरलेला गैरसमज मात्र दोष नसलेल्या यंत्राविषयीचा आहे. ‘लवकर गार व्हावे म्हणून १८ वर लावा.’ हे वाक्य आम्ही शिक्षकांच्या खोलीतही ऐकले आहे. थर्मोस्टॅटला आपण नळाची तोटी समजतो, जास्त फिरवली की जास्त धार. अमेरिकन अभ्यासक विलेट केम्प्टन यांनी १९८६ मध्ये लोकांच्या मुलाखती घेऊन दाखवले की, घर गरम करणाऱ्या थर्मोस्टॅटविषयी त्यांच्या मनात दोन निरनिराळी चित्रे असतात, एक तोटीचे आणि दुसरे प्रत्याभरणाचे. साध्या एसीत यंत्र एक तर पूर्ण चालते किंवा थांबते. खोली ३८ अंशांवर असताना १८ लावा की २४, ते तितक्याच वेगाने गार करील. फरक एवढाच की १८ लावल्यावर ते २४ ला थांबणार नाही. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलतो, म्हणून तिथे थोडे वेगळे आहे. पण तोही फरक मोठा असताना पूर्ण वेगाने धावतो आणि लक्ष्याजवळ आल्यावरच मंदावतो. १८ चा फायदा झालाच तर शेवटच्या एक-दोन अंशांपुरता.

या गैरसमजाची किंमत विजेच्या बिलात दिसते. एसीचा आकडा एका अंशाने वाढवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. १ जानेवारी २०२० पासून तारांकन योजनेतले एसी मुळातच २४ अंशांवर लावून देणे सक्तीचे झाले. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याचा विचार जाहीर केला. नियम आपापल्या जागी ठीक आहेत. पण २४ का, हे ज्याला कळले नाही, तो पहिल्याच मिनिटाला बटण दाबून १८ वर जातो.

‘स्मार्ट’ या विशेषणाने यात काय भर घातली? वेळापत्रक, दूरवरून हुकूम, सवयी ओळखण्याची शक्ती. पण वर्तुळाचा एक भाग घराबाहेर, कंपनीच्या संगणकात गेला. २०११ मध्ये बाजारात आलेल्या ‘नेस्ट’ या गाजलेल्या थर्मोस्टॅटच्या प्रणालीतील एका चुकीमुळे जानेवारी २०१६ मध्ये अनेक अमेरिकन घरांतल्या उपकरणांच्या बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन हिवाळ्यात घरे गारठली. त्याच कंपनीच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा फोनशी असलेला संबंध २५ ऑक्टोबर २०२५ पासून तोडण्यात आला. भिंतीवर ते चालतात, दुरून ऐकत नाहीत. असे दोष घरात शोधून सापडणारच नाहीत, आणि हे सांगणारी ओळ पुस्तिकेत असणे कंपनीच्या सोयीचे नसते. वापरणाऱ्याला मात्र ते ठाऊक असायला हवे.

पुस्तिकांना एवढे बोल लावल्यावर आपल्या धड्याला मोकळे सोडणे बरे नाही. पुस्तिकेत उपाय आहेत, कारण नाही. धड्यात कारण आहे, दोष नाही. पितळ लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावते, म्हणून जोडपट्टी वाकते, मंडल तुटते. आकृती काढा, भागांना नावे द्या, तीन गुण घ्या. त्या आकृतीतली पट्टी कधीही फसत नाही, चुकीच्या जागी बसत नाही, तिच्यावर धूळ चढत नाही. शिवाय ती सगळीकडेच असते असे मुलांना वाटते. साध्या इस्त्रीत ती आहे. जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये बहुधा बारीक नळीत बंद केलेल्या वायूचा दाब बदलतो, त्यावर कळ उघडते-मिटते. एसीत थर्मिस्टर असतो, तापमान वाढले की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा मणी. तीन उपकरणे, मोजण्याच्या तीन रीती, पण वर्तुळ एकच. धड्याने वर्तुळ शिकवायला हवे होते, त्याने पट्टी शिकवली. आमच्यापुढे निसटलेला मणी आला, तेव्हा आमच्या डोक्यात पट्टीच होती.

यासाठी वर्गात काय करता येईल? तीन गोष्टी आम्ही सुचवतो. एक, एकाच खोलीत चार सारखे तापमापक चार जागी ठेवावेत: पश्चिमेच्या भिंतीवर, छताजवळ, मधोमध टेबलावर आणि जमिनीजवळ. दुपारी तीन वाजता चारही आकडे फळ्यावर लिहावेत आणि विचारावे, ‘खोलीचे तापमान किती?’ वाद होईल. होऊ द्यावा. दोन, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळणारा थर्मिस्टर मल्टिमीटरला जोडावा. तो मुठीत धरून आणि गार माठाला टेकवून त्याचा रोध मोजावा. संवेदक स्वतःचेच तापमान सांगतो, हे मुलांना शब्दांवाचून कळेल. तीन, प्रत्येक मुलाने घरातल्या एका उपकरणाच्या पुस्तिकेतला तक्ता आणावा आणि त्याला चौथा रकाना जोडावा: ‘हे कशावरून ओळखायचे?’ तो रकाना भरताना बंद यंत्राचेही झाकण उघडायचे नाही, हे बजावून सांगावे. वीज काढल्यावरही एसीच्या धारित्रात भार उरलेला असू शकतो.

या तिसऱ्या उपक्रमात एका गोष्टीवर मात्र शिक्षकांनी स्वतः बोलावे. गिझरचा थर्मोस्टॅट बिघडला की ‘डायरेक्ट करून देतो’ असे म्हणणारे कारागीर भेटतात. म्हणजे तार थेट जोडायची, मोजणारा आणि तुलना करणारा वर्तुळातून काढूनच टाकायचा. पाणी गरम होते, काम झाल्यासारखे दिसते. पण आता ‘पुरे’ म्हणणारे कुणी उरलेले नसते. पाणी उकळते, बंद टाकीत दाब वाढतो, आणि सुरक्षा झडप क्षाराने बसलेली असेल तर टाकी फुटूही शकते. ज्या मुलाने चार कामांचे वर्तुळ समजून घेतले आहे, तो घरात एवढे तरी म्हणेल, ‘बाबा, डायरेक्ट नको.’ द्विधातू पट्टीच्या आकृतीला मिळणाऱ्या तीन गुणांपेक्षा हे मोलाचे.

आमच्या एसीची ती पुस्तिका आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. तिच्या तक्त्याला नववीच्या मुलांनी चौथा रकाना जोडला आहे. ‘खोली पुरेशी थंड होत नाही’ या ओळीपुढे एका मुलीने लिहिले आहे: ‘आधी ऐका. यंत्र थांबते आहे की चालूच आहे?’